चारचौघांत एक वाक्य

मधुकरने हात जोडून वर छताकडे बघितलं, म्हणजे देव. मग समोर बोट दाखवलं, म्हणजे तू. मग अंगठा खाली दाबून जोरात मान हलवली, म्हणजे हार नाही. मधल्या मागांपलीकडे उभ्या असलेल्या देवरावांना सगळा प्रश्न बिनचूक कळला. देव म्हणाला, जे करायला जाशील त्यात फसणार नाहीस, तर काय करशील?

गिरणीच्या विणकाम खात्यात असंच बोलावं लागे. इतके माग एकदम धडधडत, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथे माणसं हातांनी बोलत आणि ओठांनी बोलत. ओठ नुसते हलवायचे, आवाज वाया घालवायचा नाही. नव्या माणसाला सुरुवातीला वेड्यांच्या बाजारात आल्यासारखं वाटे. पुढे तोही दूरच्या मागावरच्या माणसाच्या ओठांवरून त्याच्या घरचं भांडण वाचू लागे.

प्रश्न सगळ्या रांगेत फिरला. एकाने जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, थोबाडीत दिल्याचं करून दाखवलं. मधुकर स्वतः सक्करदऱ्याचा तलाव पोहून पार करणार होता. त्याला पोहता येत नव्हतं ही गोष्ट वेगळी. मग सगळे देवरावांकडे वळले, कारण खरी मजा तिथेच असे. देवराव मोटारीत बसले, स्टिअरिंग धरलं, मागे वळून पाहिलं, आणि मग गाडी बंद पडल्यावर मालक धोतराचा काचा मारून ती कशी ढकलतो ते करून दाखवलं. माणसं पोट धरून हसली. हसण्याच्या नादात एकाच्या मागावरचा ताणा तुटला आणि जॉबरच्या शिव्या खाव्या लागल्या. त्याही ओठांवरूनच.

हा माणूस गिरणीच्या फाटकाबाहेर पडला की मुका होतो, हे या रांगेत फक्त मधुकरला माहीत होतं.

देवरावांची जीभ लहानपणापासून अडखळायची. शब्द घशापर्यंत नीट यायचा आणि ओठांशी आला की दाराशी अडलेल्या बैलासारखा तिथेच पाय रोवून उभा राहायचा. शाळेत गुरुजींनी त्यांना मुद्दाम उभं करून कविता म्हणायला लावली होती. वर्ग हसत होता, गुरुजीही हसत होते. त्या दिवशी शाळा सुटली ती कायमची. पुढे गिरणीत लागले आणि ज्या आवाजाने इतरांचे कान जातात, त्याच आवाजात देवरावांना तोंड फुटलं. तिथे ते नकलाकार होते, भांडखोर होते, चार लोकांना सल्ला देणारे होते.

मोटारीचं उत्तर त्यांनी हसण्यासाठी दिलं होतं. खरं उत्तर साधं होतं. फसायचं नाही असं ठरलंच, तर त्यांना चारचौघांत उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. कुठलंही. पण हे त्यांनी स्वतःच्या हातांनाही कधी सांगितलं नाही.

महाल नावाच्या जुन्या वस्तीत त्यांचं घर होतं. पुढच्या खोल्यांत थोरले भाऊ मनोहरराव, मागच्या खोल्यांत देवराव, बायको भागीरथा आणि एकुलती एक मुलगी प्रेमलता. नाव आत्याने बारशात ठेवलं. ते जोडाक्षर आपल्याला जन्मात म्हणता येणार नाही हे देवरावांना तिथेच कळलं होतं, पण बारशात बापाला कोण विचारतो? ते तिला लता म्हणत, तेही दोन-तीनदा ल वर आपटून.

लता मात्र बापाचा आवाज हातांत शोधायला शिकली. गिरणीतली पाळी संपवून आल्यावर देवराव जेवायला बसले, की ही चुलीपाशी बसून हातांनी विचारायची, आज कोणाची नक्कल केली? आणि ते हातांनी सांगायचे. दोघं बिनआवाजाची खिदळायची. भागीरथा पोळी लाटता लाटता करवादायची, "काय वं हे मुक्याचं घर! मले तं काहीच समजत नाही. मायी बी दया करत जा जरा."

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात लताची सोयरीक जुळली. स्थळ उमरेडचं, शेती आणि किराण्याचं दुकान. आणलं मनोहररावांनी. मनोहरराव कचेरीत कारकून होते आणि घराचं तोंड होते. दूधवाल्याशी भांडण असो की सोयऱ्यांशी बोलणी, देवरावांच्या वाट्याचं बोलणंही तेच उरकून टाकत. मनाने वाईट नव्हते. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्याला हळूहळू असं वाटायला लागतं, की दुसऱ्याला काही म्हणायचंच नसतं.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी ते मागच्या खोलीत आले. "देवा, उद्या तू तोंड उघडू नोको. त्याइले म्या सांगून ठेवलं हाये का आमचा भाऊ कमी बोलते. तोतरं बोलनं घराण्यात हाये असं वाटलं त्याइले, तं पोरगी घरात बसून राहीन. समजलं?"

देवरावांनी मान हलवली. समजायचं काय होतं त्यात.

रीत खरं तर अशी होती, की सुपारी फोडण्याआधी मुलीच्या बापाने पंचांसमोर उभं राहून होकार द्यायचा. सुपारी फुटली की शब्द फिरवता येत नाही. त्याआधी काहीही म्हणता येतं, चहा पिऊन उठूनही जाता येतं. मनोहररावांनी हेही काम आपल्याकडे घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव घातला. एका बाजूला सतरंजीवर पुरुष, समोर ओसरीवर उमरेडच्या बायका. मधे पाटावर लता, हिरव्या लुगड्यात, मान खाली. "मान वर केलीस तं लोक म्हनतीन पोरगी आगाऊ हाये," असं भागीरथाने तिला बजावून ठेवलं होतं. शेजारच्या गल्लीत कोणाचं तरी बारसं होतं आणि तिथला भोंगा असा कोकलत होता, की ब्राह्मणाला मंत्र म्हणताना कानावर हात ठेवावा लागत होता. माणसं एकमेकांना "काय? काय?" विचारत होती.

देवरावांना मात्र त्या गोंगाटात बरं वाटत होतं. गिरणीत असल्यासारखं. सवयीने त्यांची नजर ओठांवरून फिरू लागली. आणि ती पार्वतीबाईंच्या ओठांवर येऊन थांबली.

पार्वतीबाई म्हणजे नवऱ्या मुलाची, कृष्णकांताची, आत्या. त्या शेजारणीशी बोलत होत्या. भोंगा होता, त्यामुळे तोंडापुढे पदर धरायची गरज त्यांना वाटली नाही.

"पहिली तं पयून गेली," पार्वतीबाईंचे ओठ म्हणाले. "कृष्णकांताचा हात लय जड हाये ना."

"मंग हे राहीन काय?" शेजारीण.

"राहीन. पाय ना तिच्याकडे. मान बी वर करत नाही."

देवराव सतरंजीवर पुढे सरकले. त्यांनी पुन्हा बघितलं. पार्वतीबाई आता पान चघळत होत्या आणि लताकडे बघून हसत होत्या. बाजारात गाय बघावी, तशा.

ब्राह्मणाने सुपारी हातात घेतली. मनोहरराव घसा खाकरून उठायला लागले, तेवढ्यात देवरावच उभे राहिले.

सगळ्यांची तोंडं त्यांच्याकडे वळली. मुलाचे वडील महादेवराव कौतुकाने म्हणाले, "बोला, बोला व्याही. तुमचाच मान हाये." देवरावांनी तोंड उघडलं. शब्द तयार होता, एवढासा होता. थांबा. एवढंच म्हणायचं होतं. पण ओठ नुसते थरथरत राहिले, गळ्याच्या शिरा ताठरल्या आणि आतून काही म्हणता काही बाहेर येईना. मग त्यांनी हात उचलले. लताकडे बघून उजवा हात आडवा कापल्यासारखा फिरवला. माग थांबव. पुन्हा फिरवला. लता, वर बघ. माग थांबव. तिने एकदा नजर उचलली असती, तर तिला सगळं कळलं असतं. या अख्ख्या मांडवात तिलाच कळलं असतं. पण ती शहाण्या मुलीसारखी पाटाच्या कडेची रांगोळी बघत बसली होती.

देवरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते बघून मांडव गलबलला. "बापाचं कायीज हाये हो," कोणी तरी म्हणालं. दोन-चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला. पार्वतीबाईंनीही लावला. मनोहररावांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि भोंग्यावर आवाज चढवून म्हणाले, "आमचा भाऊ जरा हळवा हाये. पंचांसमोर आमचा होकार हाये!"

सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर देवरावांनी भावाला आणि बायकोला आत बोलावलं आणि सांगितलं. सांगायला खूप वेळ लागला. मनोहररावांनी पहिल्यांदाच त्यांना मधे न तोडता ऐकलं, आणि ऐकून झाल्यावर बराच वेळ पानाचा डबा उघडझाप करत राहिले.

"ओठावरून तू काय काय वाचशीन देवा? आनि असन बी एखादी भानगड. आपन बी तं तुयं बोलनं लपवलंच ना? त्याइनं एक लपवलं, आपन एक लपवलं."

"आता मोडलं तं पोरीले कोन करन जी?" भागीरथा रडवेल्या आवाजात म्हणाली.

मनोहररावांनी चौकशी करायची म्हणून केली. उमरेडहून उत्तर आलं, की लग्न नव्हतं झालं, नुसती सोयरीक मोडली होती. या उत्तराने सगळ्यांच्या जिवात जीव आला. लोकांना विश्वास ठेवायचा असला, की तो कशावरही ठेवता येतो.

पण देवरावांना आयुष्यभर जे जाळत राहिलं, ते मांडवातलं नव्हे. मांडवात जीभ आडवी आली; ती नेहमीच यायची. खरी गोष्ट त्या संध्याकाळची होती. लता चुलीपाशी बसली होती. हातांत नव्या हिरव्या बांगड्या होत्या आणि त्या वाजू नयेत म्हणून ती हात अलगद हलवत होती. तिने विचारलं, बाबा, मघाशी उभे काहून राहिले? काय सांगत होते?

कोणी ऐकणारं नव्हतं. कोणी हसणारं नव्हतं. समोर मुलगी होती, जिला त्यांच्या हातांचं अक्षर अन् अक्षर कळत होतं, आणि हात तर जन्मात कधी अडखळले नव्हते. देव म्हणाला होता ना, फसणार नाहीस? तो हाच क्षण होता. देवरावांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती इतकी आनंदात होती, की त्यांचा धीर झाला नाही. त्यांनी हात हलवून सांगितलं, काही नाही.

लग्न झालं. पहिल्या दिवाळीला लता नवऱ्याबरोबर आली. बोलली बरंच, पण तोंडाने. हात पदराखाली होते. देवरावांनी चुलीपाशी बसून हातांनी विचारलं, बरी आहेस? ती तोंडानेच म्हणाली, "हाव बाबा, बरं हाये." पुढच्या दिवाळीला दुकानात गर्दी होती. त्याच्या पुढच्या दिवाळीला शेतात काम होतं. मधे मुलगा झाला. बाळंतपणालाही पाठवली नाही. उमरेडला चांगली दवाखान्याची सोय आहे म्हणाले.

नातवाचं जावळ काढायचं ठरलं, तेव्हा भागीरथा एकटीच उमरेडला जाऊन आली. देवरावांची गिरणीत पाळी होती. संध्याकाळी ते घरी आले, तर ती अंधारात बसली होती, चूल पेटवली नव्हती.

"तिची बोटं वयतच नाही जी," ती म्हणाली. "उजव्या हाताची. म्हने दारात सापडली." मग तिने चुलीतली थंड राख उगाच उकरली. शेवटी म्हणाली, "तुम्ही म्हनत होते, थे खरं होतं. म्या तुमचं आयकलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवराव धुतलेला सदरा घालून निघाले. मनोहरराव चपला घालत पुढे आले. "थांब, मी येतो. मी बोलतो त्याइच्याशी." आवाज खाली आला होता त्यांचा. देवरावांनी भावाच्या छातीवर हात ठेवून त्यांना दारातच थांबवलं आणि एकटे मोटारस्टँडकडे गेले.

उमरेडला महादेवराव अंगणात खाटेवर बसले होते, पार्वतीबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. जावई दुकानात होता. लता दोरीवर कपडे वाळत घालत होती. बापाला बघून ती जागच्या जागी उभी राहिली. डाव्या हाताने तिने उजवा हात पदरात घेतला.

"या व्याही, या! काही निरोप नाही, काही नाही? लते, चहा ठेव बापाले," महादेवराव म्हणाले.

देवराव बसले नाहीत. लोटीतलं पाणी घेतलं नाही. अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं.

"ल... ल... ल..."

महादेवराव आधी गोंधळले, मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "अरे! हे असं हाये काय? कमी बोलते म्हने! पायलं काय पार्वते?" पार्वतीबाई सूप ठेवून हसायला लागल्या. शेजारचे दोघे-तिघे कुंपणापाशी येऊन उभे राहिले. आतून एक धिटुकलं मूल धावत आलं, काजळ भरलेलं, आईसारखंच कपाळ. त्याला वाटलं, हा नवा म्हातारा खेळ खेळतो आहे. त्यानेही टाळ्या पिटत सुरू केलं, "ल! ल! ल!"

देवराव थांबले नाहीत. ओठ आपटत होते, मान हिसके देत होती, थुंकी सदऱ्यावर उडत होती. शाळेतल्या त्या दिवसानंतर ते असे कोणासमोर उभे राहिले नव्हते. लोक हसत होते, त्यांचा नातू हसत होता, आणि ते एक एक शब्द ओढून आणत होते.

"ल... लताले... न्या... न्या... न्यायले... आलो."

वाक्य पूर्ण झालं. तोवर सगळ्यांचं हसून झालं होतं. महादेवराव खाटेवरून उठले.

"न्या. आत्ताच न्या. असं बी काय कामाची हाये ते! पन पोट्टा आमचा हाये. त्याले हात लावाचा नाही." पार्वतीबाईंनी पोराला उचलून कडेवर घेतलं आणि त्या उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या राहिल्या.

देवरावांनी पुन्हा तोंड उघडलं. नातू पण. इतकंच म्हणायचं होतं. पण सगळं बळ पहिल्या वाक्यात गेलं होतं. दुसरं त्यांच्याजवळ नव्हतं. घशातून नुसती वाफ आली. त्यांनी लताकडे बघितलं. ती उंबऱ्याकडे बघत होती. पोरगं आत्याआजीच्या कडेवरून अजून "ल! ल!" करत होतं आणि आईला हसवायला बघत होतं. लता त्याच्याकडे बघून हसली. खरोखर हसली, पोराला रडू येऊ नये म्हणून. मग पायांत चपलाही न घालता ती फाटकाकडे चालायला लागली.

रस्त्यात "कोर्टात जाऊ," असं देवरावांनी हातांनी सांगितलं. लताने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. तिचा डावा हात घट्ट मिटलेला होता. मोटारीत बसल्यावर तिला दिसलं, की दोरीवर घालायला घेतलेलं पोराचं अंगडं तिच्या मुठीतच राहिलं आहे. पिवळं, छोटं, अजून ओलं.

कंडक्टर आला. त्याने अंगडं बघितलं आणि सीटखाली वाकून पाहिलं. "लेकरू कुठी हाये? किती तिकिटं?"

देवरावांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. मागची माणसं माना उंच करून बघायला लागली, कंडक्टर तिकिटांची पेटी वाजवत राहिला आणि मग सवयीप्रमाणे त्याने बापाला सोडून मुलीकडे बघितलं. लताला सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही. ती बापाकडे बघत थांबून राहिली.

"दो... दो... दोन," देवराव म्हणाले.

कंडक्टरने दोन तिकिटं फाडून दिली आणि पुढे गेला. लता अंगड्याची मांडीवर घडी घालायला लागली. बोटं वळत नव्हती आणि कापड ओलं होतं, त्यामुळे घडी नीट बसत नव्हती. ती पुन्हा उलगडत होती आणि पुन्हा घालत होती.